कोंबडीच्या गाठीतून सापडलेला विकर

१९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन रौस या तरुण संशोधकाकडे छातीवर गाठ असलेली एक कोंबडी आली. गाठीचा रस जिवाणूही अडतील अशा गाळणीतून गाळून त्यांनी दुसऱ्या कोंबडीला टोचला. तिलाही गाठ झाली! १९११ मध्ये हे प्रसिद्ध झाले, पण फारसे कुणी मनावर घेतले नाही. रौस यांना नोबेल मिळाले १९६६ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी.

गाठ करणारा विषाणू होता. पण १९७६ मध्ये बिशप, व्हार्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, त्यातले घातक जनुक निरोगी कोंबडीतही असते. विषाणूने ते तिच्याकडूनच उचललेले! पुढे ते माणसातही सापडले. या जनुकाचे नाव सार्क. (दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेशी याचे नाते नाही.)

सार्क जनुकापासून बनणारा विकर, म्हणजे एन्झाइम, पेशीतला निरोप्या आहे. तो इतर प्रथिनांतील टायरोसिन या घटकावर फॉस्फेट चिकटवतो आणि ती प्रथिने कामाला लागतात. हे टोनी हंटर यांना १९७९ मध्ये कळले, तेही शिळे द्रावण वापरल्यामुळे! त्याची आम्लता बदलली होती, म्हणून एरवी एकत्र राहणारे दोन पदार्थ वेगळे दिसले.

निरोगी पेशीत हा विकर बहुधा मिटलेला असतो. विषाणूच्या सार्कला त्याला मिटवणारे शेपूटच नसते. म्हणजे कडी नसलेले दार. माणसाच्या आतड्याच्या किंवा स्तनाच्या कर्करोगात जनुक सहसा बिघडलेले नसते, पण विकर अनेकदा अतिउत्साही असतो. पेशी वाढतेच, शिवाय शेजारणींचा हात सोडून चालू लागते. हे चालू लागणेच जास्त भयंकर. एका जागची गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. यकृतात, हाडांत, फुप्फुसांत पसरलेल्या पेशी वेचणार कशा?

मग विकरच अडवला तर? डॅसॅटिनिब ही गोळी सार्कला आणि त्याच्या एका भाऊबंदाला अडवते. तो भाऊबंद ज्याच्या मुळाशी असतो, त्या रक्ताच्या कर्करोगावर २००६ पासून ती उपयोगी ठरली आहे. प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगात मात्र दीड हजारांवर रुग्णांना नेहमीच्या औषधासोबत ही गोळी किंवा नुसती दिखाऊ गोळी देऊन पाहिले. २०१३ मध्ये निकाल आला: आयुष्य वाढले नाही. तिथे पेशीजवळ निरोपाच्या इतरही वाटा असतात. त्यामुळे एका रुग्णाला लागू पडलेली गोळी शेजारच्या खाटेवरच्यालाही द्या, असा आग्रह नातेवाइकांनी धरला, तर डॉक्टर आधी कर्करोगाचा प्रकार विचारतात.