बीए, बीएस्सीनंतर अकाउंटिंग: पदवीधरांसाठी कोणतं दार उघडं, कोणतं बंद?

स्पर्धा परीक्षेत तीन-चार वर्षं गेली, वय वाढलं, घरून विचारणा सुरू झाली, की तालुक्यातला पदवीधर दुसरी वाट शोधायला लागतो. "टॅली शिकून घेतो, कुठेतरी अकाउंटंट म्हणून लागेन," हे वाक्य मग हमखास ऐकू येतं. डिग्री बीएची, बीएस्सी ॲग्रीची किंवा इंजिनिअरिंगची. कॉमर्सचा गंध नाही. अशाला हिशेबाच्या कामात जागा मिळते का?

मिळते. पण या क्षेत्राला एकच दार नाही. काही दारं कोणत्याही पदवीधराला उघडी आहेत, काही कॉमर्सवाल्यालाच. हे न बघता क्लासची फी भरली तर पैसे आणि वर्ष दोन्ही जातं.

काम वाढलं कुठून?

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि कृषी सेवा केंद्रापासून हार्डवेअरच्या दुकानापर्यंत महिन्याचं वेळापत्रक बदललं. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याला ११ तारखेपर्यंत विक्रीचा तपशील आणि २० तारखेपर्यंत कराचा भरणा करावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा दुकानांना बिलिंगमधले दर बदलून घ्यावे लागले. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होण्याची तारीख ठरली. म्हणजे नियम बदलत राहणार आणि ते समजणारा माणूस लागणार.

दुसरीकडे गावच्या विकास सोसायट्या. केंद्राने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, खर्च २,५१६ कोटी रुपये. वर्षानुवर्षं वहीत असलेली रोजकीर्द आणि खतावणी संगणकात न्यायची, तर आकडे आधी जुळले पाहिजेत. ते जुळवायला नुसता टायपिंग येणारा पुरत नाही.

टॅली म्हणजे अकाउंटिंग नव्हे

टॅली हे साधन आहे. नावे-जमा कळलं नाही तर सॉफ्टवेअर चुकीची नोंदही निमूट घेतं. एक साधं उदाहरण. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. मग ते व्याज जातं कुठे? ते सरकारकडून येतं आणि उशिरा येतं. तोपर्यंत ते 'येणे' म्हणून दाखवावं लागतं. ही नोंद राहिली तर ताळेबंद खोटं चित्र दाखवतो.

शेतीचं शिक्षण घेतलेल्या पोराला पीककर्ज, हंगाम, थकबाकी हे सगळं आधीच माहीत असतं. त्याला फक्त नोंदीची शिस्त शिकायची असते. जुनी डिग्री वाया जात नाही, ती अशी कामी येते.

सीएचं दार: उघडं, पण लांबचं

सीएच्या अभ्यासक्रमात पदवीधराला फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. अट गुणांची आहे: कॉमर्स पदवीला ५५ टक्के, इतर पदवीला ६० टक्के. तेवढे नसतील तर फाउंडेशनपासून सुरुवात करता येते. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. तरी सगळं पहिल्याच प्रयत्नात निघालं तर तीन-साडेतीन वर्षं धरावीत, आणि पहिल्या प्रयत्नात निघणारे थोडे. एमपीएससीत चार वर्षं घालवलेल्याने घरच्यांशी बोलून हा हिशेब आधी मांडावा.

जीएसटी प्रॅक्टिशनर: इथे डिग्री आडवी येते

क्लासच्या जाहिरातीत हे क्वचितच लिहिलेलं असतं. जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करायची तर नियमात कॉमर्स, कायदा, बँकिंग किंवा बिझनेस मॅनेजमेंट अशा शाखांची पदवी मागितली आहे. साधी बीए, बीएस्सी तिथे चालत नाही. सीए किंवा सीएमएची अंतिम परीक्षा पास असेल तर गोष्ट वेगळी. नोंदणीकृत प्रॅक्टिशनरच्या किंवा सीएच्या ऑफिसात कामाला राहता येतं, पण स्वतःच्या नावाने ती पाटी लावता येत नाही.

जवळचं दार: जीडीसी अँड ए

राज्याच्या सहकार खात्यामार्फत घेतली जाणारी शासकीय सहकार व लेखा पदविका, म्हणजेच जीडीसी अँड ए. कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. सहा पेपर असतात: हिशेब, लेखापरीक्षण, सहकार, कायदे वगैरे. परीक्षा साधारण मे महिन्यात होते. घरी राहून, शेती किंवा नोकरी सांभाळून अभ्यास करता येतो.

पुढचा टप्पा महत्त्वाचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार प्रमाणित लेखापरीक्षक व्हायला पदवी, ही पदविका, सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान लागतं. पास झालं की लगेच पॅनेलवर नाव येत नाही. आधी एखाद्या लेखापरीक्षकाच्या हाताखाली राबावं लागतं, आणि त्या काळात कमाई कमीच असते.

जबाबदारीही मोठी. तपासणीत अपहार दिसला तर विशेष अहवाल निबंधकाकडे देणं आणि गुन्हा नोंदवणं हे लेखापरीक्षकाचं काम आहे. टाळलं तर पॅनेलवरून नाव जाऊ शकतं. पतसंस्था बुडाली की ठेवी गावच्याच माणसांच्या बुडतात. चेअरमन ओळखीचा, संचालक नात्यातला, अशा ठिकाणी चुकीवर बोट ठेवायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

फी भरण्याआधी

पहिली गोष्ट, पदवीची टक्केवारी बघा. ६० च्या वर की खाली यावर सीएचा रस्ता ठरतो. दुसरी, क्लासवाल्याला विचारा: सर्टिफिकेट कोण देतं, आणि त्यावर सही करण्याचा कोणता अधिकार मिळतो? '१०० टक्के नोकरी' म्हणत असेल तर गेल्या बॅचची मुलं कुठे लागली ते दाखवायला सांगा. तिसरी, दोन-तीन महिने एखाद्या सोसायटीत, दूध संस्थेत किंवा करसल्लागाराकडे बसून बघा. मार्चअखेरचं काम एकदा जवळून पाहिलं, की हे आपल्याला झेपेल का ते फी न भरताच कळतं.