भविष्य नको, जुनी फाइल उघडा

सुरक्षा परिषदेच्या पहिल्या सत्रात ज्येष्ठांना काय विचारायचे, हे आता ठरूनच गेले आहे. 'पुढच्या पाच वर्षांत काय होईल?' फायरवॉल, पॅच आणि अपरात्रीचे फोन यांत उमेदीची वर्षे घालवलेला माणूस मग एआय, क्वांटम, झिरो ट्रस्ट अशा स्लाइड दाखवतो, स्पॉन्सरचे आभार मानतो, शाल-श्रीफळ घेऊन खाली उतरतो. भविष्य त्यालाही आपल्याइतकेच कळते. त्याला जे खरोखर ठाऊक आहे ते तो चहाच्या रांगेत, ओळखीच्या दोघा-चौघांना सांगतो.

डॅन कामिन्स्की यांचे ब्लॅक हॅटमधले 2008 चे व्याख्यान घ्या. डीएनएसच्या उत्तरात खोटा पत्ता घुसवता येतो हे त्यांनी आधी गुपचूप पॉल व्हिक्सी यांना कळवले. मार्चअखेर रेडमंडला मायक्रोसॉफ्टच्या आवारात सोळा जण जमले आणि 8 जुलैला अनेक कंपन्यांनी एकाच दिवशी पॅच दिले. ऑगस्टमधल्या व्याख्यानापर्यंत तपशिलावर तर्क लढवू नका, ही त्यांची विनंती दोन आठवडेही टिकली नाही. लास वेगासला सभागृह तुडुंब भरले आणि त्यांची आजी घरी केलेल्या कुकीज घेऊन आली. एवढे आपल्या क्षेत्रात बहुतेकांना पाठ आहे.

कामाचा भाग पुढेच आहे. डीएनएसच्या प्रश्नाची ओळख म्हणजे 16 बिटांचा आकडा, म्हणून शक्यता 65,536. अस्तित्वात नसलेली उपनावे विचारत राहिले, तर एक अंदाज हुकला तरी टीटीएल संपायची वाट न पाहता लगेच दुसरा लावता येतो, ही कामिन्स्की यांची युक्ती. आणि उपाय? प्रश्न दर वेळी वेगळ्या, यादृच्छिक पोर्टवरून पाठवायचा. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या डीजेबीडीएनएसमध्ये ही सोय कित्येक वर्षे आधीपासून होती. डीएनएसच्या भरवशावर राहणाऱ्या यंत्रांत कसे शिरता येते, हे स्टीव्ह बेलोविन यांनी तर 1990 मध्येच लिहिले होते. गैरवापराच्या भीतीने तो निबंध 1995 पर्यंत बाहेर आला नाही. रोग माहीत, औषध तयार, तरी बाकीचे इतकी वर्षे स्वस्थ का बसले? कोणत्या बैठकीत कोण 'सध्या गरज नाही' म्हणाले? हे सांगू शकणारी माणसे अजूनही परिषदांना येतात आणि आपण त्यांना सायबर युद्धाबद्दल विचारतो. कामिन्स्की यांना मात्र आता विचारता येणार नाही. ते 2021 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी गेले.

प्रॉम्प्ट इंजेक्शनवरची आजची व्याख्याने ऐकताना जुन्या माणसाचे कान टवकारायला हवेत. अमेरिकेच्या फोन जाळ्यात एकेकाळी 2600 हर्ट्झचा सूर वाजवला की ट्रंक लाइन हाती यायची, कारण बोलणे आणि आज्ञा एकाच वाटेने जात. 'फ्रॅक'च्या डिसेंबर 1998 च्या अंकात एसक्यूएलबाबत हेच दुखणे समोर आले. फोन कंपन्यांनी आज्ञांना वेगळा मार्ग दिला, डेटाबेसवाल्यांनी पॅरामीटर वेगळे केले. भाषा-मॉडेलमध्ये सूचना आणि मजकूर अजून एकत्रच वाहतात. जुन्या दोन्ही वेळी हा बदल व्हायला किती वर्षे लागली, खर्च कोणाच्या अंगावर पडला, जुनी यंत्रे कोण सांभाळत बसले, यावर एखादे पॅनल ऐकायला आम्ही स्वखर्चाने जाऊ.

ज्येष्ठांचीही एक खोड आहे. 'आमच्या वेळी' सुरू झाले की घटनेचा पोवाडा होतो. बॅकअप चाललाच नव्हता, लॉग कोणी पाहतच नव्हते, हे त्यात गळते. म्हणून नुसते व्याख्यान नको, उलटतपासणी हवी. गोव्याच्या नलकॉनला, केरळच्या कोकॉनला किंवा पुण्यातल्या एखाद्या छोट्या मेळाव्याला हे सहज जमेल. लहान खोली, रेकॉर्डिंग बंद, एक ज्येष्ठ, दहा वर्षे जुनी एक घटना, तिची मिनिटवार टाइमलाइन आणि समोर एसओसीच्या रात्रपाळीतली तरुण मंडळी.

गोपनीयतेचे करार आड येतात, हे खरे. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. मोठा भाग 28 देशांतल्या एटीएममधून. पैसे काढायच्या विनंत्यांना खऱ्या स्विचऐवजी बनावट स्विच होकार देत होता. ही घटना संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालापर्यंत पोचली. एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशा घटना सर्ट-इनला सहा तासांत कळवणे सक्तीचे आहे. सूचनापत्रेही येतात, पण त्यांत आयपी पत्ते आणि हॅश असतात. असल्या प्रसंगी स्विच रूममध्ये पहिली शंका कोणाला आली आणि त्याने फोन कोणाला केला, हे शेजारच्या नागरी बँकेतल्या ॲडमिनला कळायचे कसे?

पुढच्या अंकापासून अशा कथनांसाठी आम्ही चार पाने राखून ठेवत आहोत. संस्थेचे आणि लेखकाचे नाव छापणार नाही. वेळा, पोर्ट क्रमांक आणि चुकलेला निर्णय मात्र वगळू नयेत.