ढगातले दप्तर

ढगावर किती भरवसा ठेवावा, हे मानवतच्या कापूस उत्पादकाला शिकवावे लागत नाही. तरीही मोबाइलवर काढलेली सातबाऱ्याची, कापूसपट्टीची छायाचित्रे ‘क्लाऊड’मध्ये सुरक्षित आहेत, असे त्याला सांगितले जाते. हा ढग आकाशात नाही. तो नवी मुंबईसारख्या ठिकाणी, अखंड वीज खाणाऱ्या यंत्रांच्या इमारतींत आहे. ॲमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली मुंबईत आपली केंद्रे सुरू केली. आपली फाईल येथे आहे की परदेशात, हे मात्र ती ठेवणाऱ्याला सहसा कळत नाही. कागद आपला, कोठार व किल्ली भांडवलदाराची!

कार्यकर्त्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मोबाइलवर फाईलचे नाव दिसते, म्हणून फाईल तेथे असतेच असे नाही. पुष्कळदा ती केवळ खूण असते. शिवाय ‘सिंक’ म्हणजे राखीव प्रत नव्हे. सामायिक फाईल एकाने खोडली, तर ती सर्वांकडून नाहीशी होऊ शकते. म्हणून शाखेची सभासद-यादी आणि शेतकऱ्यांची निवेदने यांची एक प्रत स्वतंत्र डिस्कवर व एक कागदावर असलीच पाहिजे.

परंतु प्रश्न केवळ दक्षतेचा नाही. राज्य शासनाने २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा दिला. तलाठ्याकडचे हेलपाटे त्यामुळे कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. मात्र जनतेचे दप्तर कोठे व कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारण्याचा हक्क जनतेने सोडता कामा नये. साधनांच्या सार्वजनिक मालकीची आपली मागणी जुनी आहे, शिळी नाही.