संगणक घेताना भाव कसा पाहावा?

पालकहो आणि शिक्षक मित्रांनो, संगणक घ्यायचा म्हटलं की आपण चार दुकानं फिरतो, ऑनलाइन भाव बघतो आणि सर्वात कमी आकडा निवडतो. माझ्या मते फसगत इथेच होते. समजा, एक दुकानदार ३२,००० रुपये अधिक जीएसटी सांगतो, दुसरा सगळं धरून ३६,५००. पहिल्यात १८ टक्के जीएसटी मिळवा, ३७,७६० होतात! मग स्वस्त कोण?

नुसतं 'आय फाइव्ह' ऐकून भुलू नका. प्रोसेसर कितव्या पिढीचा, रॅम किती, एसएसडी की हार्ड डिस्क, वॉरंटी किती वर्षांची, हे कोटेशनवर लिहून घ्या. वस्तू तीच असेल तरच भावाची तुलना करा. बिल मात्र सोडू नका. वॉरंटीला तेच लागतं. ही तुलना मुलांकडूनच करून घ्या, शेकडेवारी आपोआप पक्की होईल.