आभारप्रदर्शन

आपल्या कॉलेजच्या कुठल्याही कार्यक्रमातला सगळ्यात नावडता आयटम कोणता? आभारप्रदर्शन! स्टेजवर कुणीतरी कागद घेऊन उभं राहतं आणि खाली खुर्च्या सरकायला लागतात. गेल्या वर्षी टेक फेस्टला हे काम कुणीच घेईना म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. (मी कॉन्व्हेंटची, म्हणजे 'थँक यू' म्हणायची सवय मला जास्त, असं आमच्या सीआरचं लॉजिक!) प्रिन्सिपल सर झाले, एचओडी झाले, स्पॉन्सर झाले. घरी आल्यावर आठवलं, दोन दिवस रात्री अकरापर्यंत थांबून आमच्या केबल ओढून देणारे लॅबमधले काका राहूनच गेले. दुसऱ्या दिवशी तेच समोर आले आणि हसून म्हणाले, "छान बोललात ताई." मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे परत आठवायचं कारण म्हणजे अमेरिकेतलं थँक्सगिव्हिंग. नोव्हेंबरातला चौथा गुरुवार. माझा दादा ओहायोत एमएस करतोय. गेल्या नोव्हेंबरात त्या आठवड्यात त्याचं हॉस्टेल रिकामं झालं, मेस बंद, रूममेटसुद्धा आठ तास गाडी चालवून आपल्या घरी गेला. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या दिवशी एसटी स्टँडवर जे दृश्य असतं, ते तिकडे त्या बुधवारी विमानतळांवर आणि हायवेवर असतं म्हणे. परदेशी पोरांनी एकटं पडू नये म्हणून गावातली काही कुटुंबं त्यांना जेवायला बोलावतात. दादालाही असंच एका घरी आमंत्रण आलं.

दादा शाकाहारी. मधोमध ठेवलेल्या भल्यामोठ्या टर्कीकडे न बघता त्याने बाकीचं टेबल न्याहाळलं, तर काय? मश्रूम सूपमध्ये शिजवलेला श्रावणघेवडा, वर तळलेला कांदा. (ही 'ग्रीन बीन कॅसरोल' १९५५ साली एका सूप कंपनीच्या किचनमध्ये जन्मली आणि आता परंपरा झालीय!) वरून मार्शमेलो लावून भाजलेली रताळी. आपल्या करवंदासारख्या आंबट क्रॅनबेरीचा सॉस. आणि शेवटी लाल भोपळ्याचा पाय, ज्याची चव दादाच्या मते घारग्यांच्या जवळपास जाते.

आता अगदी आदर्श चित्र रंगवत नाही. त्या घरच्या आजी पहाटेपासून ओव्हनपाशी होत्या आणि पुरुषमंडळी टीव्हीवर फुटबॉल बघत होती. त्या दिवशी डेट्रॉइट लायन्सची मॅच असते, १९३४ पासून, मधली काही वर्षं सोडली तर. म्हणजे इथून तिथून सगळं सारखंच! पण एक गोष्ट वेगळी झाली. जेवायला आजींसकट सगळे एकदम बसले. भांडी हातोहात फिरली, कुणी उभं राहून वाढत नव्हतं. आणि जेवणाआधी प्रत्येकाने आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगितलं. दादाची पाळी आली तर त्याची व्हायवात उडते तशीच दांडी उडाली. त्याच्या मनात आलं ते एकच, की आईला हे आपण कधी म्हटलंच नाही.

म्हणून त्याने फोन केला. आपल्याकडे शुक्रवारची सकाळ, साडेसात, आई डबे भरत होती. दादा म्हणाला, "आई, थँक्स." आई म्हणाली, "काय रे, बरा आहेस ना? ताप आहे का?"

मला हा सण आवडला. पण आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात त्याची जी गोष्ट होती, काळी हॅट घातलेले पिल्ग्रिम्स, पिसं लावलेले इंडियन्स आणि सगळे आनंदाने जेवतायत, ती अर्धीच आहे. मेफ्लॉवर जहाजातून १६२० साली साधारण शंभर माणसं आली, पहिल्या हिवाळ्यात त्यातली निम्मी मेली. उरलेल्यांना मका कसा पेरायचा, खत म्हणून मासे कसे पुरायचे हे शिकवलं टिस्क्वांटम नावाच्या स्थानिक माणसाने. त्याला आधी इंग्रजांनीच पळवून नेऊन स्पेनमध्ये विकायला काढलं होतं. परत आला तोवर साथीत त्याचं अख्खं गाव संपलेलं. तरी त्याने शिकवलं. १६२१ च्या सुगीला जे जेवण झालं, त्याला वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वदेक माणसं घेऊन आला आणि त्यांनी पाच हरणं शिकार करून आणली. पुढे १६७५ मध्ये त्याच मॅसासॉइटच्या मुलाशी इंग्रजांचं युद्ध झालं आणि त्याचे लोक देशोधडीला लागले. लिंकनने १८६३ मध्ये देशभर आभाराचा दिवस पाळायला सांगितलं, त्यात आभार होते देवाचे. ज्यांनी मका दिला ते लोक १९७० पासून दरवर्षी त्याच दिवशी प्लिमथला जमून शोकदिवस पाळतात.

म्हणजे बघा, देवाचे आभार मानले गेले, पण प्रत्यक्ष वाढणारा हात विसरला गेला. अगदी माझ्या लॅबमधल्या काकांसारखंच!

अमेरिकेला नावं ठेवायच्या आधी आपलीच उपवासाची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणे, बटाटा, मिरची, चारही मूळचे तिकडच्या खंडांतले, तिथल्या आदिवासींनी हजारो वर्षं जोपासलेले. आपण एकादशीला ते खातो आणि नमस्कार विठ्ठलाला करतो. नमस्कार जरूर करावा, पण निदान माहीत तरी असावं. शाळेत आम्ही डबा उघडायच्या आधी रोज 'ग्रेस' म्हणायचो. त्यातही देवाचेच आभार, पहाटे पाचला उठून डबा करणाऱ्या आईचं नाव कधी आलं नाही.

यंदा गौरी जेवतात त्या दिवशी मी घरी प्रयोग केला. नैवेद्य झाल्यावर म्हटलं, प्रत्येकाने एकेक आभार माना. बाबा म्हणाले, "गाडीचं लोन फिटलं." आजीने मात्र साफ नकार दिला. "घरच्यांचे कसले आभार मानायचे? परकी आहोत का आपण?"

आजीचं म्हणणं उडवून लावता येत नाही. आपल्याकडे आभार मानणं म्हणजे हिशेब चुकता करणं, आणि घरात हिशेब नसतो. मला हे पटतं. पण मग त्या दिवशी सोळा भाज्या आणि पुरणपोळ्या करणारी आई अडीच वाजता, सगळे पान खाऊन लवंडल्यावर, गार पोळी घेऊन एकटी जेवायला का बसते? परकं मानत नाही म्हणून शब्द नको, हे ठीक. पण शब्दही नाही आणि पहिल्या पंगतीला ताटही नाही, याला काय म्हणायचं?

म्हणून माझं मत असं, की थँक्सगिव्हिंग इथे आणायची गरज नाही. टर्की नको, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ब्लॅक फ्रायडेचा सेल तर मॉलवाल्यांनी न विचारताच आणलाय. घ्यायची असेल तर एकच गोष्ट घ्यावी. जिने रांधलं तिचं ताट पहिल्या पंगतीला मांडायचं, आणि पोळ्या गरम हव्या असतील तर एकेकाने आळीपाळीने उठून तव्यापाशी उभं राहायचं. माझी पहिली पोळी भारताच्या नकाशासारखी झाली, बाबांची तर फुटलीच. पण आई गरम जेवली. आजी काही बोलली नाही, फक्त आईच्या पोळीवर स्वतः तूप वाढलं.

आणि हो, हा लेख छापून आला की एक प्रत लॅबमधल्या काकांना नेऊन देणार आहे. काका, तुमचं नाव राहून गेलं होतं. थँक यू!