टाकीचा घाव दाखवा



घड्याळाला घडवणारा असतो, मग इतक्या सुबक फुलाला नसेल का, असा मजकूर आपल्या बायकांच्या ग्रुपवर सारखा फिरतो. खाली जोडलेल्या हातांची रांग. ज्यांची श्रद्धा जगाच्या कर्त्यावर आहे त्यांनी तो खुशाल पाठवावा. पण आपण? जग अनादि आहे, हे आपण पाठशाळेत शिकलो. जगाला कर्ता हवाच, हे मत आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात आदिपुराणात खोडून काढले आहे.

श्रद्धा क्षणभर बाजूला ठेवा, त्या मजकुरातला हिशेबच चुकीचा आहे. पाटा कोणीतरी घडवला हे आपण कशावरून ओळखतो? सुबक आहे म्हणून नाही. त्यावर टाकीचे घाव असतात आणि टाकी लावणारी माणसे आपण दारात पाहिलेली असतात. घडवणारा माहीत, हत्यार माहीत, हत्याराची खूण समोर. फुलाच्या बाबतीत यातले काय पाहिले आहे? बी, माती, पाणी.

सुबकपणा तर फार फसवा. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे. काळ्या दगडाचे उभे, कोनदार खांब एकाला एक चिकटलेले, जणू कोणी साच्यातून काढले. ते कोणी घडवलेले नाहीत. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला आणि तडकला. आटलेल्या तळ्याचा चिखल उन्हाळ्यात तडकतो ना, तसाच. आपल्या देगलूरहून तेलंगणाकडे निघाले की दगडावर दगड रचल्यासारख्या टेकड्या लागतात. भीमाने रचल्या म्हणायला सोपे! ग्रॅनाइटला आडव्या-उभ्या भेगा असतात. त्यांत पाणी मुरते, कोपरे आधी झिजतात, भोवतीची माती वाहून जाते आणि गोल दगड एकावर एक उरतात.

उलट नेवाशाला प्रवरेच्या गोट्यांत ह. धी. सांकलियांना ओबडधोबड दगड मिळाले. तुम्ही-आम्ही ते चटणी वाटायलाही घेतले नसते. पण ती अश्मयुगातल्या माणसाची हत्यारे होती. नदी दगडाला चहूबाजूंनी घासून गोल करते. माणूस एकाच कडेवर, एकामागून एक ठोके मारून छिलके काढतो, आणि जिथे ठोका बसतो त्याखाली छिलक्याला फुगीर उठाव येतो. म्हणजे देखणे खांब आपोआप झालेले, आणि बेढब दगड घडवलेला.

आता जे मला खरोखर टोचते ते. शेतात जुनी मूर्ती सापडली की लगेच ‘स्वयंभू’ म्हणायचे. अहो, कुरळ्या केसांची रांग, छातीवरचे श्रीवत्स, पायाशी लांछन, हे सगळे टाकीने कोरलेले डोळ्यांना दिसते! इथून जवळच होट्टलला चालुक्यांच्या काळची मंदिरे उभी आहेत. या भागात तसे हात होते, हे वेगळे सांगायला नको. स्वयंभू म्हटले की तो कारागीर पुसला जातो, आणि ज्या श्रावक-श्राविकेने मूर्ती करवली तीही. करवणाऱ्याचे नाव पुष्कळदा पीठावरच्या लेखात असते. कधी बाईचेही. आणि आपण काय करतो? चकाकी यावी म्हणून तेच पीठ घासायला काढतो, वर लेप चढवतो.

लेप लावायचे ठरले असेल तर ट्रस्टींना आधी विचारा, पीठावरची अक्षरे कोणाकडून वाचून घेतलीत का. निदान तिरप्या उजेडात फोटो तरी काढून ठेवा. मोबाइल सगळ्यांच्या हातात आहेच.