उपकार नको, हिशोब दाखवा

दिवाळीनंतर आमच्या नंदुरबार जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी गुजरातकडे माणसे भरभरून जातात. तळोदा तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही एका जोडप्याला विचारले, उचल किती घेतली आणि फिटली किती? नवरा म्हणाला, "मुकादमाला कसं विचारायचं? पोरगी आजारी होती तेव्हा त्यानंच पैसे दिले." बायको गप्प होती. हंगामभर दोघे राबले, पण कर्ज फिटले की नाही हे दोघांनाही ठाऊक नव्हते. प्रश्न विचारणे म्हणजे बेइमानी, एवढे मात्र पक्के ठाऊक होते.

याला आम्ही मनावरचा कब्जा म्हणतो. शहरातली शिकलेली मंडळी 'गॅसलायटिंग' म्हणतात. 1938 च्या एका इंग्रजी नाटकावरून आलेला हा शब्द. त्यात नवरा बायकोला स्वतःच्याच डोळ्यांवर अविश्वास ठेवायला लावतो. शब्द नवा असेल, खेळ जुनाच आहे. महाराच्या कामाचा मोबदला गावाने कायम भीक म्हणून वाढला, आणि घेणाऱ्यालाही ती भीकच वाटू लागली. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते ही गाठ तोडण्यासाठीच.

अशा माणसांशी कसे वागावे यावर आज भरपूर सल्ले मिळतात. शांत राहा, दुर्लक्ष करा, संबंध तोडा. आमचा प्रश्न साधा आहे. ज्याच्या हातात तुमची भाकर आहे, त्याच्याशी संबंध कसे तोडणार? हा सल्ला ज्याच्याकडे दुसरी भाकर आहे त्याच्यासाठी आहे.

उत्तर आपल्याच मातीत आहे. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. तिथला आदिवासी सालदार वर्षभरासाठी मालकाला बांधलेला, आणि मालक स्वतःला त्याचा मायबाप म्हणवणारा. भिल्ल कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती यांनी आणि 1972 पासून श्रमिक संघटनेने या मायबापाकडे जमिनीचा आणि मजुरीचा हिशोब मागितला. त्याच काळात आदिवासी बायकांनी जमावाने जाऊन दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. 'तुझ्यामुळेच हात उचलावा लागतो' हे वाक्य बंद दाराआड चालते. पन्नास बायका अंगणात उभ्या राहिल्या की ते तोंडातून निघत नाही.

म्हणजे मनावरचा कब्जा माणसाला एकटे पाडून मिळवला जातो. म्हणून एकट्याने धीट होऊन भागत नाही. उचल घेताना आकडा कागदावर घ्या, दोन साक्षीदार ठेवा, हिशोबाला पाच जण मिळून जा. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापोटी माणूस बांधून ठेवणे गुन्हा ठरवला आणि तसले कर्जही रद्द केले. मुकादम हे सांगणार नाही, आपल्याला सांगावे लागेल.

आता थोडे आपल्या घरात. 'चळवळीनं तुला उभं केलं आणि तू आम्हालाच प्रश्न विचारतोस?' हे वाक्य आपल्या वस्तीतल्या बैठकीत ऐकू येत नाही का? जयंतीच्या वर्गणीचा हिशोब मागणाऱ्या पोराला गद्दार ठरवले जात नाही का? आम्हीही अशा वेळी मान खाली घालून बसलो आहोत, हे कबूल करतो. मुकादमाचे वाक्य आपल्या नेत्याच्या तोंडी आले म्हणून ते पवित्र होत नाही.

मदत करणारा माणूस हिशोबाला भीत नाही. जो भितो, त्याने मदत केली नव्हती, माणूस विकत घेतला होता.

जय भीम.